आलं काय?

आमच्या शाहूपुरीतल्या घराची वाटणी झाली तेव्हा भांडण झालं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. वाटणी म्हटलं की ऐकणारा खुर्ची पुढं ओढून बसतो, म्हणून. धाकट्या भावाचा संसार वाढला होता, माझा सुरूच झाला नव्हता आणि होण्याची लक्षणंही नव्हती. वडील गेल्यावर आईनंच सांगितलं, मधे एक भिंत घाला आणि सुखानं राहा. गवंडी आला, आठवडाभरात भिंत उभी राहिली. दोन दारं, दोन मीटर, दोन चुली. आई माझ्या बाजूला राहिली. "धाकट्याला बायको हाय. ह्याला कोण हाय?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दिवसभर हजारो पुस्तकांच्या सोबतीत असतो, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं. तिनं ते धरलं नाही.

अंगणातला नळ मात्र एकच राहिला. आणि पुढं वायफाय आलं, तेही एकच.

ते भावानं आणलं. त्याचं पंखे-मिक्सरचं दुकान होतं, त्यामुळं वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपला पहिला हक्क आहे असं तो मानायचा. वायर नसलेली वस्तू आल्यावर त्यानं तो हक्क तसाच पुढं वाढवला. त्याची मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली होती आणि आईला रोज नातीचं तोंड बघायचं होतं. मधल्या भिंतीत पूर्वी एक दार होतं. गवंड्यानं ते एकेरी विटेनं बुजवताना भावाच्या बाजूला कोनाडा ठेवला होता. त्याच कोनाड्यात त्यानं वायफायचा बॉक्स बसवला, म्हणजे दोन्ही घरांत रेंज मिळावी. माझ्या बाजूला नेमकी तिथं आईची खुर्ची होती. भाऊ पलीकडं स्टुलावर चढून प्लग लावत होता, मी अलीकडं मोबाईल धरून उभा होतो, आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "आलं काय रं दादा?"

मी म्हटलं, "आलं!" आणि मग आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना इतके हसलो की बॉक्स बसवायला आलेल्या माणसाला वाटलं काही बिघडलं. त्यानं नंतर नेटवर्कला नाव काय द्यायचं विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, तेच द्या. तेव्हापासून आमच्या वायफायचं नाव इंग्रजी अक्षरांत 'आलं काय' असं होतं. पासवर्ड कंपनीनं बॉक्सच्या पाठीवर चिकटवलेला लांबलचक आकडाच ठेवला.

हसण्याचं कारण जुनं होतं. आम्ही शाळेत असताना घरात टीव्ही आला, काळापांढरा. गच्चीवर लोखंडी नळीला अँटेना. वारा सुटला किंवा कावळा बसला की चित्र जायचं. मग धाकटा गच्चीवर, मी खिडकीत आणि आई टीव्हीसमोर, अशी आमची साखळी लागायची. तो नळी थोडी फिरवून वरनं ओरडायचा, "आलं काय?" मी वळून आईकडं बघायचो. पडद्यावर नुसता पांढरा कचरा उसळत असला की बाकीचं गाव त्याला मुंग्या म्हणायचं. आमच्या आईला मुंग्या कधी दिसल्या नाहीत. ती म्हणायची, "चुरमुरं!" मी खिडकीतनं गच्चीकडं तोंड करून ओरडायचो, "चुरमुरं!" तो पुन्हा नळी फिरवायचा. "आलं काय?" "चुरमुरं!" "आता?" "चुरमुरं!" गल्लीतल्या लोकांना बरीच वर्षं वाटत होतं की आमच्या घरी रोज संध्याकाळी भडंग करतात.

मी तिला दुरुस्त करायचो. "आई, चुरमुरे." ती म्हणायची, "खाताना काय फरक पडतोय?"

आई गेली ती ऐन पावसाळ्यात. भावानं गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला. आमच्या गावात माणूस गेला हे फ्लेक्स लागल्याशिवाय पक्कं होत नाही. मधोमध आई, मागं ढग आणि त्यातून येणारे किरण, कोपऱ्यात दोन समया आणि खाली 'शोकाकुल' म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या फोटोंची रांग. रांगेत पहिला फोटो माझा होता. भावाच्या स्वतःच्या फोटोपेक्षा मोठा. आणि माझ्या नावापुढं त्यानं 'प्रा.' लावलं होतं.

मी प्राध्यापक कधीच नव्हतो. तीस वर्षं मी प्राध्यापकांकडून पुस्तकं परत मागवण्याचं काम केलं. आणि ज्या गोष्टी मी आयुष्यभर बाजूला उभं राहून बघत आलो, म्हणजे शाल, श्रीफळ, 'लाडके', 'आदरणीय', स्वतःच्या खर्चानं स्वतःचा सत्कार, त्यांत आपणच छापून लटकतोय, हे मला सहन झालं नाही. उत्तरकार्याच्या दिवशी मांडवात पंगतीआधी लोक बसले होते. कुणीतरी म्हणालं, "फ्लेक्स मात्र झकास केलाय धाकट्यांनी."

मी म्हणालो, "हो ना. आई गेली आणि मला बढती मिळाली."

मांडव हसला. दुखवट्याला आलेली माणसं हसायला किती अधीर असतात हे मला ठाऊक होतं. अशा वाक्यांवरच माझी गावात ओळख होती. हसणं थांबल्यावर मला दिसलं की भाऊ पाण्याचा जग घेऊन माझ्या मागंच उभा होता. त्यानं जग खाली ठेवला आणि आत गेला. ते 'प्रा.' त्यानं गंमत म्हणून लावलं नव्हतं. खुशामत म्हणूनही नाही. भाऊ कॉलेजात आहे म्हणजे प्राध्यापकच असणार, असं तो तीस वर्षं दुकानात सांगत आला होता आणि त्याला ते खरंच वाटत होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. वाक्य चांगलं जमलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोबाईलनं पासवर्ड मागितला. बॉक्सच्या पाठीवरचा आकडा टाकला, तो चालेना. 'आलं काय' हे नाव यादीत सगळ्यात वर, रेंज पूर्ण, आणि शेजारी बारीक कुलूप.

मी त्याचा अर्थ सरळ घेतला. चूल वेगळी झाली होती, आता हेही. विचारायला गेलो नाही. दुसरा काही शब्द टाकूनही बघितला नाही. दुसऱ्याच्या कुलपाला किल्ल्या लावत बसण्याचं आपलं वय नाही, असं मी स्वतःला बजावलं. दहा महिने मी मोबाईलच्या नेटवर काढले. अंगणात तो समोर आला की मला नळाच्या तोटीत काहीतरी दिसायचं आणि त्याला आभाळात.

मग एका जुन्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी घरी बसून संगणकावर करायचं काम माझ्याकडं आलं आणि मला स्वतःचं कनेक्शन घ्यावं लागलं. एका सोमवारी कंपनीचा माणूस आला. चाळिशीचा, डोक्यावर हेल्मेट तसंच, खांद्यावर केबलचं वेटोळं.

"पावणं, बॉक्स कुठं बसवायचा?"

मी आईच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. मी आता तिथंच बसून वाचायचो.

"तिथंपतोर वायर न्यायची म्हंजे घर उकरायला पायजे. दारापाशी बसवतो. पर आधीच सांगतो, आतल्या खोलीत रेंज घावायची न्हाय. भिंती बघा की ह्या. घर बांधलंय का किल्ला?"

"आमचे वडील सावध होते."

"कुणापासनं?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

त्यानं भोक पाडलं, केबल ओढली, बॉक्स टांगला, दिवे लागले. मग मोबाईल काढून म्हणाला, "नाव काय देऊ?"

मी नाव सांगितलं. त्यानं टाइप केलं आणि थांबला. "ह्या नावाचं एक दिसतंय की हितं. शेजाऱ्याचं हाय वाटतं."

"भावाचं."

"मग दुसरं द्या. सारखंच नाव असलं की मोबाईल घोटाळतोय."

"नाव दोघांचं आहे. वाटणीत ते आलं नव्हतं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. अशी घरं त्यानं बरीच पाहिली असावीत. "बरं," तो म्हणाला. "पासवर्ड तुमच्या हातानं टाका. आठ अक्षरं तरी लागत्यात."

मी त्याचा मोबाईल हातात घेतला. आठ अक्षरं. नाव घेतलंच आहे तर शब्दही घ्यावा, असा माझा आविर्भाव होता. प्रेमानं टाकला असं लिहिलं तर ते खोटं होईल. इंग्रजी अक्षरांत 'चुरमुर' इथपर्यंत लिहिलं आणि शेवटच्या अक्षरापाशी बोट अडलं. शुद्ध लिहायचं तर चुरमुरे. शेवटी इंग्रजी ई (E). आई म्हणायची ते लिहायचं तर शेवटी ए (A). आयुष्यभर मी या दोहोंतलं पहिलं निवडत आलो होतो. का कोण जाणे, त्या दिवशी ए दाबलं. मोजून आठ अक्षरं झाली.

तो माणूस जाण्याआधी सवयीनं घरभर फिरून रेंज बघत होता. आईच्या खुर्चीपाशी पोचल्यावर म्हणाला, "आयला! हितं कसं काय फुल्ल?"

"तुमचं काम चांगलं आहे," मी म्हणालो.

तो खूश झाला. तारीफ केली की माणूस पुढचं तपासत नाही, हे मी लोकांना कितीदा ऐकवलं असेल. तो गेला आणि मी खुर्चीत बसून समाधानानं मोबाईलवर वर्तमानपत्र उघडलं. पान झटक्यात आलं.

बुधवारी सकाळी मी नळाखाली बादली लावून उभा होतो. आमच्याकडं नळाला पाणी साडेसहाला येतं, कधी सातला, कधी नुसता आवाज येतो. त्या दिवशी आलं होतं, धार चांगली होती. माझ्या मागं भावाचं दार वाजलं. चपला चार पावलं आल्या आणि थांबल्या.

"आलं काय?"

दहा महिन्यांतले पहिले दोन शब्द. बादली अर्धी भरली होती, पाण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात असेल, आणि हा विचारतोय आलं काय. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं: नाही, बादलीला सवय लावतोय. ते मी गिळलं. गिळलं याबद्दल मला माझं थोडं कौतुकही वाटलं.

"आलं," मी म्हणालो. मागं वळलो नाही.

 मग चपला परत गेल्या, दार लागलं. माझी बादली भरली, मी ती बाजूला घेतली, त्याच्यासाठी नळ तसाच सोडून आत आलो. पाणी भरायला कुणीच बाहेर आलं नाही. धार बराच वेळ फरशीवर पडत राहिली, शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.

शुक्रवारी दुपारी दुकानात, वरच्या फळीवरून पंख्याचं खोकं काढताना तो खाली बसला. शेजारच्या दुकानदारांनी दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा त्याच्या पायातल्या चपला कुणीतरी काढून खाटेखाली नीट जोडून ठेवल्या होत्या. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

रक्षाविसर्जन झालं. येणारे येत होते, मी त्याच्या बाजूच्या सोप्यात बसून होतो. कितीतरी महिन्यांनी त्या घरात शिरलो होतो आणि लोक मला यजमान समजून माझ्याच हाताला हात लावत होते. दहाव्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली. बंगळूरहून आलेली पुतणी आत चहा करत होती. माझी भावजय दाराशी येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी मान वर करून फारशी बोललेली नाही. त्या दिवशी बोलली.

"भाऊजी, एक सांगायचं हुतं. तुम्ही त्ये टाकलासा, लई बरं केलासा."

"काय टाकलं?"

"त्ये वायफायचं. चुरमुरं."

तो शब्द मी कुणालाच सांगितला नव्हता.

"आईंचं कार्य झालं त्याच रात्री त्यांनी बदललं. मी म्हटलं, असं करू नगा, थोरल्यांचं बंद पडंल. तर म्हणाले, बंद कुठं केलंय? इचारलंय. नावातच इचारलंय की, आलं काय म्हणून. त्याचं उत्तर दादाला म्हाईत हाय. आमच्या दोघांबिगर आता कुणाला म्हाईत न्हाय. दे म्हणावं उत्तर."

ती पदराच्या टोकाशी बोलत होती.

"रोज सकाळी चा घेताना मोबाईल उघडायचे. कोण कोण जोडलंय त्याची यादी येती न्हवं, ती बघायची. तुमचा मोबाईल दिसतोय काय. रोज बघून ठिवून द्यायचे. धा महिनं. मंगळवारी सकाळी एकदम मला हाक मारली. म्हणाले, बघ, आला. दादा आला. मी म्हटलं, मग जावा की पलीकडं. तर म्हणाले, आधी इचारतो. दुसऱ्या दिवशी नळावर इचारलं न्हवं तुमास्नी?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही आलं म्हटलासा. आत आले आणि नुसतं हसाय लागले. मी म्हटलं, बादली कुठाय? तर बादली न्यायचीच इसरलेले. म्हणाले, रविवारी मटण आणतो, दादाला मी स्वता हाक मारतो. मी म्हटलं, आजच मारा. तर म्हणाले, आज नगं. लाजतोय त्यो."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"तेवढं तरी घिऊन गेले, भाऊजी. तुमच्यामुळं."

मी लोकांना दुरुस्त करतो. हे माझं एकमेव सातत्य. भर सभेत पाहुण्यांनी चुकीच्या माणसाच्या नावावर खपवलेली वाक्यं मी जागच्या जागी परत मूळ मालकाला दिली आहेत. इथं फक्त एवढंच म्हणायचं होतं की तो शब्द मी त्याच्या कुलपाला लावला नव्हता, माझ्या स्वतःच्या बॉक्सला लावला होता, त्याच्यावरचा राग म्हणून. की मला वाटलं तो पाण्याचं विचारतोय. तोंड उघडलंही. भावजयीनं माझ्याकडं बघितलं, तिला वाटलं मला रडू येतंय, आणि तिनं मुलीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो.

घरी आलो. दारापाशी माझ्या बॉक्सचे हिरवे दिवे चालू होते. मी प्लग उपसून काढला. दिवे गेले. मग आतल्या खोलीत जाऊन आईच्या खुर्चीत बसलो आणि मोबाईल उघडला. तिचं म्हणणं चुकीचं निघावं अशी मला अजून थोडी आशा होती. 'आलं काय' समोर होतं. रेंज पूर्ण. वर्तमानपत्राचं पान दाबलं, ते लगेच आलं.

माझ्या डोक्यामागं एक वीट होती आणि विटेपलीकडं त्याचा कोनाडा. नाव एक, शब्द एक, म्हणून मोबाईल इथं आपोआप त्याच्या बॉक्सला जोडला जात होता; माझा बॉक्स बसल्यापासून या खुर्चीत मी जे काही वाचलं ते त्याच्याकडून आलेलं होतं. मी शेवटी ई दाबलं असतं तर मोबाईल दारापाशीच अडखळला असता, यादीत माझं नाव आलं नसतं, आणि तो बुधवारी नळावर आला नसता. पुढचे दोन दिवस त्यानं माझ्या लाजण्याला दिले, आणि मी ते दिवस याद्या करण्यात घालवले.

मी प्लग परत लावला नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला आला. आईचा फ्लेक्स त्यानंच केला होता. उत्तरकार्याचा मजकूर दाखवायला मोबाईल घेऊन आला होता. चप्पल दाराबाहेर काढून, अंग चोरून उभा राहिला.

"सर, आईंची जुनी फाईल हुती माझ्याकडं. त्यातच बदल केलाय. एकदा नजर टाका."

तेच ढग, तेच किरण, त्याच समया. खालच्या रांगेतला भावाचा फोटो उचलून त्यानं मधोमध आईच्या जागी बसवला होता. लहान फोटो ताणून मोठा केल्यामुळं चेहऱ्यावर पांढुरके दाणे उठले होते. खाली 'शोकाकुल'च्या रांगेत त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून बाकीचे सगळे एकेक घर सरकवले होते. पहिला मी. तोच फोटो, तेच नाव, नावापुढं 'प्रा.'

"सर," तो म्हणाला आणि घुटमळला. मागच्या वेळी तो मांडवात होता. माझ्या वाक्याला तोही हसला होता. "तुमच्या नावापुढं त्ये हाय. मागं तुमाला आवडलं न्हवतं. काढू काय? एका मिनटाचं काम हाय."

मी मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

"काढू काय, सर?"

"असू दे," मी म्हणालो.